जमनाबाईंचं उसवणं

जमनाबाई पहिल्यांदा आमच्यात येऊन बसल्या तेव्हा त्यांनी सुई हातात घेतली आणि माझी गोधडी उसवायला सुरुवात केली.

हळद शिजवायचे दिवस होते. अनुसयामायच्या घरामागून हळदीची वाफ येत होती आणि तांड्यावरच्या बाया शिजलेली हळद उन्हात पसरवत होत्या. आम्ही गटातल्या बायका पुढच्या ओसरीवर गोधड्या घेऊन बसलो होतो. जेवणाच्या सुट्टीत एक उंच, वाळकी म्हातारी पाणी प्यायला ओसरीपाशी आली. अंगावर बंजाऱ्यांचा फेटिया म्हणजे घेरदार घागरा, आरशांची कांचळी चोळी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि हात हळदीनं पिवळे झालेले. पाणी पिऊन ती परत गेली नाही. माझ्या शेजारी टेकली, माझ्या गोधडीचं टोक मांडीवर ओढलं, माझ्याच हातातली सुई घेतली आणि मी सकाळपासून घातलेली ओळ सरसर उसवून टाकली.

"अवं, अवं! काय करून राहिली तू?" अनुसयामाय ओरडली. "कोण म्हणलं तुला हात लाव म्हणून?"

"वाकडं हाय," म्हातारी म्हणाली.

"असू दे वाकडं. तिचं हाय ते."

"गरीब दिसली म्हणून तिचं उसवलं. वाकडं तर तुमचं बी हाय, पर तुमाला राग येईल."

सगळ्या जणी हसल्या. अनुसयामाय सोडून. मी मान खाली घालून बसले. म्हातारीनं उसवलेली जागा अंगठ्यानं सारखी केली, दोरा परत सुईत ओवला आणि सुई माझ्या हातात दिली. "एक दाणा टाका, एक दाणा मोकळं. ज्वारीचा दाणा. घाल आता." मी घातलं. तिनं पाहिलं आणि परत उसवलं. सुट्टी संपेपर्यंत आमचं तेच चाललं. जाताना म्हणाली, "टाका चांगला हाय तुझा. आवळलेला हाय फक्त. तू बोलत न्हाई का कोणाशी?"

मी मान हलवली. ते 'हो' होतं की 'नाही', मलाच कळलं नाही.

माझं माहेर आखाडा बाळापूरकडचं. शाळा चौथीपर्यंत झाली, मग घरचं काम, मग लग्न होऊन इकडं कनेरगाव नाक्याजवळच्या या गावात आले. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. लहानपणापासूनच तसं आहे. अनुसयामाय गावातल्या मोठ्या घरची, तोंडानं तिखट, पण गोधडीचा गट काढायचं तिलाच सुचलं. ती म्हणाली, सगळ्या जणी आपापल्या घरी एकट्या टाके घालत बसतात, त्यापेक्षा माझ्या ओसरीवर या. जिला माहेराहून जे येतं ते तिनं दुसरीला शिकवायचं. कोणी तिकोनी ठिगळं जोडायला शिकवली, कोणी काठाला नागमोडी किनार लावायला. मला लेकराच्या डोक्याची कुंची येत होती. मी ती तोंडानं शिकवली नाही, नुसती शिवून दाखवली. बायकांनी पाहून पाहून उचलली.

हळदीचं काम संपलं तरी जमनाबाई येत राहिल्या. तांडा ओढ्यापलीकडं. दुपारी भाकरी खाऊन निघायच्या आणि सावल्या लांब झाल्या की परत जायच्या. त्यांच्या तांड्यावर आता सगळ्या सुना-लेकी साड्या नेसतात, पोरी ड्रेस घालतात. फेटिया-कांचळी घालणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या. नाक्यावर बाजाराला गेल्या की येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांमधली माणसं उतरून त्यांचा मोबाईलवर फोटो काढायची. जमनाबाई कधी रागावल्या नाहीत. "काढ बाबा, काढ. पर आधी सांग, ओढणी सरळ हाय का?" असं म्हणून ताठ उभ्या राहायच्या.

शिकायची त्यांना भारी हौस. ज्या बाईचं शिवण उसवलं, तिच्याकडूनच दुसऱ्या दिवशी काही तरी शिकायच्या. तिकोनी ठिगळं जोडायला त्या अनुसयामायकडून शिकल्या. कापड कात्रीनं कापायचं म्हटल्यावर मात्र घाबरल्या. त्यांच्यात कापड हातानं फाडायचं, म्हणजे ते दोऱ्याच्या रेषेत सरळ फाटतं. कात्री हातात धरून म्हणाल्या, "हे तर नाव्ह्याचं काम हाय वं." तिकोन कापता कापता त्यांनी अनुसयामायची चांगली वीतभर चीट वाया घालवली. अनुसयामायनं टोमणा मारलाच, "काय वं जमने, दुसऱ्याचं उसवायला तर लई हात चालतो!"

"उसवलेलं परत शिवता येतं. हे कापलेलं आता कुठं नेऊ?" जमनाबाई म्हणाल्या. पण हट्टानं शिकल्या. पुढं त्यांनी तांड्यावरच्या प्रत्येक घरात तिकोनाची एक तरी पिशवी शिवून दिली.

मला त्या मुद्दाम समोर बसवायच्या. "बोलत बोलत शिव, पोरी. गप बसलेल्या बाईचा टाका आवळून येतो न् कापड गोळा होतं." काय बोलावं ते मला सुचायचं नाही. मग त्या विचारायच्या, काय भाजी केली? तेल किती टाकलं? नवरा काय म्हणला? काहून म्हणला? असं करत करत मी त्यांच्याशी बोलायला लागले. आधी भाजीबद्दल, मग बाळापूरच्या घराबद्दल, मग ज्या गोष्टी कोणाला सांगितल्या नव्हत्या त्यांच्याबद्दल. माझा टाका खरंच सैल झाला. ओसरीवर दुसरं कोणी आलं की मी परत गप. जमनाबाई हसायच्या, "लागलं कुलूप!"

एक दिवस त्यांनी छातीशी धरून एक गाठोडं आणलं. आत लहान लेकराचं दुपटं होतं. काळपट लाल कापड, त्यावर पांढऱ्या दोऱ्याचे एकात एक चौकोन. जमनाबाई जन्मल्या तेव्हा त्यांच्या आईनं, म्हणजे त्यांच्या याडीनं, ते शिवलेलं. मी गोधड्या पुष्कळ पाहिल्या होत्या, पण असं काम पाहिलं नव्हतं. धावदोऱ्यात एक टाका वर दिसतो, एक खाली जातो, मधे जागा सुटते. इथं जागाच नव्हती. अख्खी ओळ सलग, जणू पांढऱ्या शाईनं ओढलेली. पुढून पाहिलं तरी तशी, मागून पाहिलं तरी तशी. आणि दुपटं पाटासारखं सपाट. कुठं चुणी नाही, कुठं फुगा नाही.

प्रत्येक ओळीच्या मध्याच्या आसपास एक टाका तेवढा बारका होता, अर्ध्या दाण्याएवढा. मी त्यावर बोट ठेवलं.

"ती याडीची खूण," जमनाबाई म्हणाल्या. "सगळ्या तांड्याला ठावं हाय. धानीबाईचं काम असलं की मधे बारका टाका असतो."

मी विचारलं, "तुमाला येतं का हे?"

त्यांनी दुपटं घडी केलं. मग म्हणाल्या, "न्हाई. जल्म गेला करून करून. जाताना एक धावदोरा घालते न् येताना मोकळी जागा भरते. ओळ सलग दिसती, पर कापड एका अंगाला ओढतं, मधे फुगतं. मी लहान असताना याडीला म्हणायची, शिकव. ती म्हणायची, जमना, हे तुझ्या हातात न्हाई. लगीन झाल्यावर बी विचारलं. तेच म्हणली. तुझ्या हातात न्हाई."

एवढ्या वयाच्या बाईनं हे सांगताना आपला हात ओढणीखाली घेतला. सगळ्या गावाचं वाकडं उसवणारा तो हात. त्या आमच्या गटात का येत होत्या ते मला त्या दिवशी कळलं. कोणाच्या तरी माहेराहून ती रीत आली असेल, कोणी तरी दाखवेल, म्हणून त्या येत होत्या. पण आमच्यात कोणालाच ते येत नव्हतं.

मग त्यांचे डोळे गेले. आधी त्या म्हणायच्या, यंदा दोराच खराब येऊन राहिला, सुईत जात नाही. मी सकाळीच त्यांच्यासाठी सुया ओवून जुन्या उशीला टोचून ठेवायला लागले. मग त्यांची ओळ भलतीकडं जायला लागली. आमच्यापैकी कोणीच ती उसवली नाही, अनुसयामायनंसुद्धा नाही. लेकानं हिंगोलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली सांभाळा, असं सांगितलं. उरलेली तरी किती होती! उजेड आणि सावली, बस.

त्यानंतरही त्या काठी टेकत यायच्या. हातात सुई नसायची. आम्ही शिवलेल्यावर अंगठा फिरवायच्या आणि नेमकी चूक शोधायच्या. कोणी म्हणालं, "आता कशाला तकलीफ घेता, पडा घरी," तर म्हणायच्या, "डोळे रिटायर झाले. बोट अजून नोकरीवर हाय."

पण एकदा सगळ्या गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "पोरी, मला याडीचा टाका उसवून पाहायचा हाय. वरून पाहून कळंना. शिवताना दोरा कसा गेला ते उसवल्याबिगर कळत न्हाई. आता मला दिसत बी न्हाई. तू उसव. तुला समजला तर निदान कोणाच्या तरी हातात राहील. माझ्या न्हाई तर न्हाई."

मी दुसऱ्या दिवशी दुपारी तांड्यावर गेले. घरात त्यांची सून कविता होती. तिला सातवा महिना होता. दुपटं बाजेवर पाहून तिच्या लगेच लक्षात आलं.

"आत्या, हे उसवायचं न्हाई. माझ्या लेकराला पाहिजे ते."

"एक ओळ उसवते. कडंची."

"एक बी न्हाई."

"परत शिवून देईन की."

"काय शिवून देणार? येत न्हाई म्हणूनच तर उसवून राहिल्या!"

कविता काही वाईट पोरगी नव्हती. तिचं म्हणणं खरंच होतं. मला तिथून उठून पळावंसं वाटलं. जमनाबाई हळूच म्हणाल्या, "कविता, तुझं लेकरू मला दिसणार न्हाई. पर हे कसं शिवलं ते कळल्याबिगर मेले तर माझा हात खोटाच राहिला बघ." कविता दारात जाऊन आमच्याकडं पाठ करून बसली. तो होकार समजायचा की नकार, ते आम्ही दोघींनी एकमेकींना विचारलं नाही.

मी कडेची ओळ धरली. डाव्या टोकाला गाठ सापडली. सुईच्या टोकानं ती उचलली, टाके एक एक करून सोडवत दोरा ओढत गेले. जुना दोरा, तुटेल म्हणून माझा जीव मुठीत होता. शेवटापर्यंत दोरा अख्खा निघाला. आणि तरी ओळ जागेवरच होती.

"काय झालं?" जमनाबाईंनी विचारलं.

"दोरा निघाला. पर ओळ उसवली न्हाई. एक सोडून एक टाका हाय तसाच हाय."

"तो परतीचा दोरा असंल. मी करते तसाच. जाऊन परत आलेला."

"परत आलेला न्हाई, जमनाबाई. परत आला असता तर एकच दोरा असता, शेवटाला वळला असता. हा दुसराच हाय. ह्याची गाठ त्या टोकाला हाय. उजवीकडं."

त्यांनी हात पुढं केला. मी आधी निघालेल्या दोऱ्याची गाठ त्यांच्या बोटावर ठेवली. त्यांनी ती अंगठ्याखाली फिरवली. "ही याडीची. दोन वेढे न् शेपूट लांब. तिच्या सगळ्या शिवणात अशीच असायची." मग मी त्यांचं बोट दुपट्याच्या उजव्या टोकाला नेलं. तिथली गाठ दोन कापडांच्या मधे लपवलेली होती, मोहरीएवढी, गोल, शेपूट नसलेली. जमनाबाईंचा अंगठा त्या गाठीवर गेला आणि तिथंच थांबला.

"ही याडीची न्हाई," त्या म्हणाल्या.

बाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती. कवितानं मान वळवून आमच्याकडं पाहिलं.

"मधे काय हाय बघ," जमनाबाई म्हणाल्या. "खुणेच्या जागी."

मी पाहिलं. दुसऱ्या ओळीही निरखून पाहिल्या. "दोन्ही टोकांकडून दोन दोरे आले न् इथं समोरासमोर भेटले. भेटताना माप जुळलं न्हाई, म्हणून एकीनं अर्धा टाका घेतला. मग पुढं हिनं तिच्या मोकळ्या जागा भरल्या, तिनं हिच्या."

"म्हणजे ती खूण न्हवती."

"न्हवती वाटतं."

जमनाबाई आधी हसल्या. इतक्या हसल्या की खोकला आला. "अवं माय! जल्मभर मी ती खूण म्हणून घालून राहिले! मोजून मापून मधोमध घालायची!" मग हसता हसता त्यांचा चेहरा बदलला. "हिराकाकी," त्या म्हणाल्या.

हिराकाकी म्हणजे त्यांच्या आईची जाऊ. जमनाबाई अगदी लहान होत्या, तेव्हाचं त्यांना आठवत होतं. दोघी जणी समोरासमोर बसायच्या, पायाच्या तळव्याला तळवा लावून, कापड दोघींच्या गुडघ्यांवर ताणलेलं, आणि त्या लाल छपराखालून जमनाबाई रांगत जायच्या. वरून सुया खाली यायच्या आणि परत वर जायच्या. एकीचा दोरा इकडं ओढायचा, दुसरीचा तिकडं, म्हणून कापड गोळा व्हायचं नाही. पुढं दोन भावांत बैलजोडीवरून भांडण झालं. काकाचं घर दुसऱ्या तांड्यावर निघून गेलं. घरात परत हिराकाकीचं नाव कोणी घेतलं नाही. आणि तसं दुपटंही परत शिवलं गेलं नाही.

"याडीला बी एकटीला येत न्हवतं," जमनाबाई म्हणाल्या. "सगळे म्हणायचे धानीबाईचं काम, धानीबाईचं काम. तिनं ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर हिराकाकीचं नाव घ्यावं लागलं असतं. ते तिला घ्यायचं न्हवतं. म्हणून माझ्या हाताला नावं ठेवली."

त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले. उताणे केले, पालथे केले. दिसत नव्हते तरी त्यांच्याकडं पाहत राहिल्या. "हात बराबर हाय वं माझा," त्या म्हणाल्या. आम्हाला सांगितलं की स्वतःला, कोण जाणे.

थोड्या वेळानं त्यांनी बाजेवर चाचपडून पाहिलं. "सुई दे."

मी सुई शोधत होते, तेवढ्यात कविता उठली. पोट सांभाळत आमच्यापाशी बसली. एक सुई ओवून तिनं सासूच्या हातात दिली, दुसरी ओवून माझ्या. आम्ही उरलेला दोरा काढला आणि ती ओळ नव्यानं घातली, मी डावीकडून, जमनाबाई उजवीकडून. भेट होईपर्यंत त्या अंगठ्याच्या मापानं टाका घालत होत्या. भेट झाल्यावर तर त्यांना मापही लागलं नाही. बोटानं माझी मोकळी जागा चाचपायची आणि भरायची. त्यांचं बोट नोकरीवर होतंच. ओळ पुरी झाल्यावर कवितानं तिच्यावरून तळहात फिरवला. चुणी नव्हती. "बाकीचं राहू द्या आता," ती म्हणाली. "माझ्या लेकराला दोघी मिळून नवं शिवा."

ते दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. माझी लाल साडी, कविताची एक ओढणी आणि आत जमनाबाईंच्या झिजलेल्या फेटियाचं कापड. सकाळचं काम उरकलं की मी तांड्यावर जायचे, नाहीतर त्या ओसरीवर यायच्या. समोरासमोर बसायचो. माझी जागा लहान सुटली की त्या म्हणायच्या, "हा दाणा किडका निघाला वं तुझा." मी बोलत असायचे. आता तर सगळ्यांसमोर बोलत असायचे, आणि ते माझ्या लक्षातही यायचं नाही. एकदा अनुसयामायनं वाकून आमची ओळ पाहिली.

"काय वं जमने, दिसत होतं तवा असं न्हाई शिवलं. आता दिसंना तर इतकं सरळ?"

"आता तुझं तोंड दिसत न्हाई ना. ध्यान कामात राहतं."

अनुसयामायनं त्यांच्या पाठीत गुद्दा घातला. मग तीही एका बाईला घेऊन समोरासमोर बसली, पण दोघी इतक्या भांडल्या की त्यांची ओळ काही जुळली नाही.

जमनाबाईंनी त्या काळात एक गोष्ट नेमानं केली. जुनं दुपटं कोणी पाहिलं की त्या दोन नावं सांगायच्या. धानीबाई आणि हिराबाई. तांड्यावरच्या म्हाताऱ्या म्हणायच्या, कशाला जुनं उकरतेस? त्या ऐकायच्या नाहीत. काकाच्या तांड्यावरचं एक वऱ्हाड नाक्याला आलं होतं तेव्हा लेकाला पाठवून त्यांनी चौकशी केली. हिराकाकी कधीच गेली होती. तिच्या घरातल्या कोणाला हे शिवण माहीतही नव्हतं. जमनाबाईंनी निरोप पाठवला, शिकायचं असेल तर पोरींना पाठवा, तुमचंच आहे. अजून कोणी आलेलं नाही.

कविताला मुलगी झाली. पाचवीच्या दिवशी नव्या दुपट्यात गुंडाळून तिनं ती सासूच्या मांडीवर दिली. जमनाबाईंनी आधी लेकराच्या नाकावरून, कानांवरून बोट फिरवलं, मग दुपट्यावरून. "दोन्ही चांगले जमले," म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी एकच हिवाळा काढला. ताप आला, चार-सहा दिवस अंथरुणाला होत्या, आणि गेल्या. मला निरोप पोहोचेपर्यंत माती झाली होती. मी अनुसयामायबरोबर भेटायला गेले. घर बायकांनी भरलेलं होतं, त्यांच्या बोलीतलं लांब सुराचं रडणं चाललेलं. मी अनुसयामायच्या पाठीमागं उभी राहिले. रडणं थोडं ओसरल्यावर दुसऱ्या गावाहून आलेल्या एका बाईनं कविताच्या पोरीचं दुपटं हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. "कोणी शिवलं हे?"

कवितानं डोळे पुसले. "एका टोकानं आत्यानं. दुसऱ्या टोकानं ह्या सुमनताईनं."

सगळ्या बायका वळून पाहायला लागल्या. अनुसयामाय मुद्दाम बाजूला सरकली. मला लपायला जागाच उरली नाही. त्या बायकांनी आपापसांत सरकून जागा केली आणि मी त्यांच्यामधे जाऊन बसले.

कविता आता गटात येते. पोरगी ओसरीवर खेळते, तिच्या मागं कोणी ना कोणी धावत असतं. सुरुवातीला कविताचा टाका लहान-मोठा यायचा, आता बसला आहे. आम्ही समोरासमोर बसतो. ओळीच्या मधे कुठं तरी दोघींच्या सुया अगदी जवळ येतात. तिथं एकीला थांबून दुसरीला पुढं जाऊ द्यावं लागतं, नाहीतर दोऱ्यात दोरा अडकतो. जमनाबाई असताना थांबायचे मी. त्या मोठ्या, म्हणून तसं ठरवावंही लागलं नव्हतं. परवा सुया जवळ आल्या तशी सवयीनं मी हात थांबवला. पाहते तर कवितानंही थांबवलेला.

"व्हा पुढं, ताई," ती म्हणाली.

मी सुई धरून थोडा वेळ तशीच बसले. मग पुढं झाले.